तापाचा सहावा दिवस: एनएस१ निगेटिव्ह, डेंग्यू आयजीएम काठावर, आयजीजी जोरदार, वर झिका आयजीएम पॉझिटिव्ह. वाचायचं कसं?

काठावरचा_नमुना

खालचे सगळे निकाल एकाच रक्तनमुन्याचे आहेत. रुग्ण प्रौढ. ताप आला तो पहिला दिवस धरला तर नमुना सहाव्या दिवशीचा. ताप आता उतरतोय. डोळ्यांमागे दुखणं आहे, अंगावर बारीक पुरळ आहे, सांधे फारसे धरलेले नाहीत.

एनएस१ (डेंग्यू विषाणूचं स्वतःचं प्रथिन) एलायझा: निगेटिव्ह
डेंग्यू आयजीएम (आधी येणारी अँटीबॉडी), मॅक-एलायझा: पी/एन (रुग्णाचं वाचन भागिले निगेटिव्ह कंट्रोलचं) २.४
डेंग्यू आयजीजी (नंतर येऊन टिकणारी अँटीबॉडी), एलायझा: जोरदार पॉझिटिव्ह
झिका आयजीएम, मॅक-एलायझा: पी/एन ३.३
चिकनगुनिया आयजीएम: निगेटिव्ह
पांढऱ्या पेशी २८००, प्लेटलेट ६२ हजार, हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा, टक्के) ४६

पद्धतीनुसार पी/एन ३ किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह, २ ते ३ काठावर, २ च्या खाली निगेटिव्ह.

सरळ वाचलं तर अर्थ असा निघतो: डेंग्यू पूर्वी कधीतरी होऊन गेला म्हणून आयजीजी, आणि आत्ताचा ताप झिकाचा. पण झिकात प्लेटलेट सहसा इतक्या खाली जात नाहीत, म्हणून हात थांबला. हे वाचन बरोबर आहे का? उरलेलं सीरम उणे ७० वर आहे, त्यावर आता पीसीआर (विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी) करण्यात अर्थ आहे का? आणि पीआरएनटीला (अँटीबॉडी विषाणूला किती रोखते ते मोजणारी चाचणी) पाठवलं तर वाद मिटेल का?

दिवस_मोजणारा

वाचन उलटं असण्याची दाट शक्यता आहे. "आयजीएम कमी, आयजीजी जास्त, म्हणजे जुना आजार" हा नियम बऱ्याच आजारांत चालतो, डेंग्यूत पाय घसरवतो.

आयुष्यात पहिल्यांदाच फ्लेविव्हायरसचा (डेंग्यू, झिका ज्या कुळातले त्या विषाणूंचा) संसर्ग झाला असेल तर क्रम पुस्तकातला असतो. आयजीएम तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून दिसू लागतं, पाचव्या दिवसापर्यंत सुमारे ८० टक्के रुग्णांत आणि दहाव्यापर्यंत जवळपास सगळ्यांत सापडतं. दोन आठवड्यांच्या आसपास शिखर गाठतं आणि दोन-तीन महिन्यांत उतरतं. आयजीजी पहिल्या आठवड्याच्या शेवटी जेमतेम डोकं वर काढतं.

पण आधी डेंग्यूचा एखादा प्रकार होऊन गेलेला असेल आणि आता दुसऱ्या प्रकारानं गाठलं असेल, तर स्मृती-बी पेशी तयारच बसलेल्या असतात. त्या लगेच आयजीजी ओततात, तेही चारही प्रकारांना आणि इतर फ्लेविव्हायरसनाही चिकटणारं. ताप असतानाच आयजीजी उंच गेलेलं दिसतं. आयजीएम मात्र उशिरा येतं, बुटकं राहतं, काही रुग्णांत ते पकडीतच येत नाही. म्हणजे काठावरचं आयजीएम आणि भरमसाट आयजीजी हे सहाव्या दिवशीच्या दुसऱ्या संसर्गाचं अगदी नेहमीचं चित्र आहे.

एनएस१ निगेटिव्ह आहे म्हणूनही डेंग्यू सुटत नाही. पहिल्या संसर्गात एनएस१ पहिल्या दिवसापासून नवव्या दिवसापर्यंतही सापडू शकतं. दुसऱ्या संसर्गात ते लवकर गायब होतं, कारण रक्तात आधीच असलेली अँटीबॉडी त्याला मिठी मारून बसते आणि किटमधल्या अँटीबॉडीला धरायला जागा उरत नाही. प्रोटीन रक्तात असतं, चाचणीला दिसत नाही. आम्ल किंवा उष्णता देऊन ती जोडी सोडवली तर काही नमुन्यांत एनएस१ पुन्हा दिसतं, पण किट त्यासाठी प्रमाणित नसेल तर तो उद्योग अहवालासाठी करू नये.

आता एक प्रश्न तुम्हाला. आयजीजीची चाचणी कोणती आहे, इनडायरेक्ट की कॅप्चर? इनडायरेक्ट एलायझात दहा वर्षांपूर्वीचा डेंग्यूही पॉझिटिव्ह येतो. आयजीजी-कॅप्चर प्रकारच्या काही किटमध्ये रेघ मुद्दाम उंच ठेवलेली असते, दुसऱ्या संसर्गात चढणारी पातळीच तेवढी धरावी म्हणून. तुमची चाचणी कॅप्चर असेल तर "पूर्वीचा डेंग्यू" हा अर्थ जवळजवळ बाद. इनडायरेक्ट असेल तर सीरम पातळ करत जाऊन टायटर काढा, म्हणजे किती पातळ केल्यावरही अँटीबॉडी दिसते तो आकडा. एचआयमध्ये (हिमॅग्लुटिनेशन इनहिबिशन चाचणीत) १:१२८० च्या वर टायटर गेला तर दुसरा संसर्ग धरतात. एलायझात आयजीएम भागिले आयजीजी हे गुणोत्तर बघतात. सीरम १:१०० पातळ केलं असेल तर १.२ च्या वर पहिला संसर्ग, १:२० असेल तर १.४ च्या वर. हे आकडे सगळ्या किटना जसेच्या तसे लागू करू नका, प्रत्येक प्रयोगशाळेनं आपली रेघ आपल्या नमुन्यांवर तपासून घ्यायची असते.

पीसीआर जरूर करा. पहिल्या सात दिवसांतल्या नमुन्यावर पीसीआर आणि आयजीएम जोडीनंच करायचं असतं. विषाणू रक्तात साधारण पाच दिवस मुबलक असतो, ताप उतरला की झपाट्यानं घटतो, दुसऱ्या संसर्गात आणखी लवकर. त्यामुळे सहाव्या दिवशीचं निगेटिव्ह पीसीआर काहीच सांगत नाही, पण पॉझिटिव्ह आलं तर सगळा वाद एका फटक्यात संपतो. डेंग्यू, चिकनगुनिया, झिका तिन्ही एकाच नळीत बघणारं मल्टिप्लेक्स असेल तर ते लावा. झिकासाठी सोबत लघवीचा नमुना घ्या. सीरममधून झिकाचा आरएनए गेल्यावरही लघवीत तो साधारण दोन आठवड्यांपर्यंत मिळू शकतो.

आणि दिवस मोजताना ताप आलेला दिवस शून्य धरला की एक, हे नमुन्याच्या फॉर्मवर लिहून ठेवा. तुम्ही लिहिलंय, ते बरं केलंत. एका दिवसाच्या फरकानं एनएस१ आणि आयजीएम दोन्हींचा अर्थ बदलतो.

वॉश_बफर

वरचं सगळं मान्य, पण त्याआधी एक साधी गोष्ट. पी/एन दोनदा लिहिलाय, नॉर्मल अँटिजेनच्या वेलचं (प्लेटवरच्या खळग्याचं) वाचन कुठंच नाही. ते द्या, मग झिकाबद्दल बोलू.

ज्यांना ही चाचणी किटच्या पलीकडे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅक-एलायझात प्लेटवर माणसाच्या आयजीएमला धरणारी अँटीबॉडी लावलेली असते. १:१०० पातळ केलेल्या सीरममधलं सगळं आयजीएम, कोणत्याही आजाराचं असो, तिथं अडकतं. मग अर्ध्या वेलमध्ये विषाणूचं अँटिजेन घालतात, अर्ध्यांत नॉर्मल अँटिजेन, म्हणजे त्याच पेशींचा पण विषाणू नसलेला अर्क. त्यावर पेरॉक्सिडेज जोडलेली फ्लेविव्हायरसची मोनोक्लोनल अँटीबॉडी, म्हणजे कॉन्ज्युगेट, मग रंग देणारं टीएमबी, मग आम्ल घालून थांबवणं आणि ४५० नॅनोमीटरला वाचन.

पी म्हणजे रुग्णाच्या विषाणू-अँटिजेन वेलची सरासरी. एन म्हणजे निगेटिव्ह कंट्रोलच्या विषाणू-अँटिजेन वेलची सरासरी. पण तो भागाकार करण्याआधी दुसरा एक करायचा असतो: रुग्णाची विषाणू-वेल भागिले त्याच रुग्णाची नॉर्मल-वेल. हा २ पेक्षा कमी आला तर पी/एन कितीही येवो, निकाल "अर्थ लावता येत नाही" असा जातो. पॉझिटिव्ह नाही, काठावर नाही, निगेटिव्हही नाही. घाईत ही पायरी गाळली जाते आणि मग झिका सापडतो.

नॉर्मल-वेल का वर जाते? रुग्णाच्या रक्तात उंदराच्या प्रथिनाला धरणारी हेटेरोफाइल अँटीबॉडी किंवा आयजीएम जातीचा रुमॅटॉइड फॅक्टर असतो. तो प्लेटवर अडकतो आणि मधे अँटिजेन असो-नसो, थेट कॉन्ज्युगेटला पकडतो. असं असेल तर त्याच कॉन्ज्युगेटच्या दुसऱ्या प्लेटवरही तोच प्रकार दिसायला हवा. तो फक्त एकाच प्लेटवर दिसला तर रुग्णाला सोडा, प्लेट तपासा. वॉशरची एखादी सुई तुंबलेली असते आणि तिच्याखालच्या वेल न धुतलेल्या राहतात. कडेच्या वेल गरम किंवा कोरड्या पडतात. ओल्या टिश्यूच्या बंद डब्यात प्लेट न ठेवल्याचा हा परिणाम. टीएमबी फ्रिजमधून काढून थेट ओतलं तर पहिल्या आणि शेवटच्या कॉलमच्या रंगात फरक पडतो. उलट सगळीच प्लेट फिकी आली तर बफरमध्ये सोडियम अझाइड गेलंय का बघा, ते पेरॉक्सिडेजला मारतं.

धुताना ०.०५ टक्के ट्वीन घातलेला पीबीएस, पाच वेळा, प्रत्येक वेळी वेल काठोकाठ भरून, आणि शेवटी प्लेट कागदावर चांगली आपटून. थेंब उरला की पुढचा कॉन्ज्युगेट त्यात पातळ होतो.

काठावरचा नमुना पुन्हा लावताना मूळ नळीतून नवं पातळीकरण करा. आधीच्या पातळ केलेल्या सीरमवर पुन्हा चालवलं तर पिपेटची चूक जशीच्या तशी दुसऱ्यांदा येते आणि आपण तिला "निकाल जुळला" म्हणतो.

खाटेजवळ

झिका की डेंग्यू ते तुमचं चालू द्या. ताप उतरतोय, सहावा दिवस, प्लेटलेट ६२ हजार, हिमॅटोक्रिट ४६: हा रुग्ण निकालाची वाट बघत ठेवायचा नाही. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपण्याचा धोक्याचा काळ ताप उतरतानाच सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. "ताप गेला, बरं झालं" हे वाक्य डेंग्यूत सगळ्यात घातक.

४६ जास्त की कमी हे एका आकड्यावरून कळत नाही. त्याच माणसाचा आधीचा आकडा ३८ असेल तर ही २० टक्क्यांच्या वरची चढ आहे, आधीचा ४५ असेल तर काहीच नाही. म्हणून काही तासांनी पुन्हा बघायचं. प्लेटलेट उतरताहेत आणि हिमॅटोक्रिट चढतोय ही जोडी दिसली की सावध. पोटात खूप दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्या-नाकातून रक्त, सुस्ती किंवा अस्वस्थपणा यातलं काहीही असेल तर देखरेखीखालीच ठेवायचं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नाही. झिका पॉझिटिव्ह आलाय म्हणून ही औषधं सुरू करण्याची चूक सगळ्यात महाग पडते. डेंग्यू नाही असं ठरेपर्यंत तो आहे असंच धरायचं. आणि रक्तस्राव नसताना नुसता आकडा बघून प्लेटलेट चढवायच्या नाहीत, त्याचा फायदा दिसलेला नाही.

प्लाक_मोजणी

पीआरएनटीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. अपेक्षा थोड्या कमी ठेवा.

पद्धत अशी. सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं, म्हणजे कॉम्प्लिमेंट निकामी होतं. मग १:१० पासून दुपटीनं पातळ करत जायचं. प्रत्येक पातळीत तितकाच विषाणू मिसळून ३७ अंशांवर एक तास. मग व्हेरो पेशींच्या थरावर, वर कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा अ‍ॅगरोजचा थर, आणि प्लाक, म्हणजे विषाणूनं पेशी मारून पाडलेली भोकं, दिसेपर्यंत काही दिवस वाट. झिकाचे प्लाक लवकर येतात, डेंग्यूला आठवडा लागू शकतो. पीआरएनटी९० म्हणजे ज्या पातळीपर्यंत ९० टक्के प्लाक कमी झाले ती. विषाणू-कंट्रोलमध्ये ५० प्लाक असतील तर ५ किंवा कमी.

दोन चुका हमखास. पहिली: समान मापात विषाणू मिसळल्यावर १:१० चं १:२० होतं. टायटर मिसळण्याआधीचा लिहिला की नंतरचा हे दोन प्रयोगशाळांत वेगळं असेल तर आकडे दुपटीनं चुकतात आणि चौपटीचा नियम लावणारा फसतो. दुसरी: विषाणू जास्त घातला. २४ वेलच्या प्लेटमध्ये ३०-४० च्या पुढे प्लाक गेले की एकमेकांत मिसळतात, कंट्रोलची मोजणी कमी येते आणि सीरम आहे त्यापेक्षा कमजोर दिसतं. म्हणून दर वेळी त्याच दिवशी विषाणूचं बॅक-टायट्रेशन, म्हणजे खरोखर किती विषाणू घातला ते पुन्हा मोजणं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. फ्लेविव्हायरसचा पहिलाच संसर्ग असेल तर पीआरएनटी छान निकाल देतं: एका विषाणूला टायटर दुसऱ्यापेक्षा चौपट किंवा जास्त, विषय संपला. दुसऱ्या संसर्गात दोन्हींना टायटर उंच येतात आणि कित्येकदा सगळ्यात उंच टायटर आत्ताच्या विषाणूला नसतो, तर आयुष्यात पहिल्यांदा भेटलेल्या विषाणूला असतो. थॉमस फ्रान्सिस यांनी इन्फ्लुएंझाच्या संदर्भात १९६० साली याला "मूळ अँटिजेनिक पाप" म्हटलं होतं. म्हणजे पूर्वी डेंग्यू-१ झालेला माणूस आज झिकानं आजारी असला तरी पीआरएनटी डेंग्यूकडे बोट दाखवू शकतं. तुमच्या नमुन्यात आयजीजी आधीच उंच आहे. मी तरी त्या रांगेत हा नमुना लावण्याआधी पीसीआर आणि दुसरा नमुना बघेन.

याच कारणानं झिका आणि डेंग्यू आयजीएम एकमेकांच्या अंगणात जातात. दोन्हींच्या ई-प्रथिनाच्या (विषाणूच्या बाहेरच्या आवरणातल्या) दुसऱ्या भागात फ्यूजन लूप नावाचा तुकडा आहे, तो सगळ्या फ्लेविव्हायरसमध्ये जवळजवळ एकसारखा. शरीर नेमकी त्याच्याविरुद्ध ढीगभर अँटीबॉडी बनवतं. तिसरा भाग जास्त प्रकारनिष्ठ आहे, पण त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी तुलनेनं थोड्या. यलो फीव्हर किंवा जपानी मेंदूज्वराची लस घेतलेल्यांतही ही गडबड दिसते, तेव्हा लसीचा इतिहास विचारा. चिकनगुनिया या भानगडीत नाही. तो अल्फाव्हायरस, त्याची गल्लत ओ'न्योंग-न्योंग, मायारो वगैरे भाऊबंदांशी होते. तुमचं चिकनगुनिया निगेटिव्ह त्यामुळे बऱ्यापैकी भरवशाचं, फक्त सहावा दिवस त्याच्या आयजीएमसाठीही जरा लवकरच.

दुसऱ्या_बाकावरून

मधेच विचारतो. अँटीबॉडी इतकी उंच असेल तर ती संरक्षण देते ना? मग दुसरा डेंग्यू पहिल्यापेक्षा वाईट का?

दिवस_मोजणारा

अँटीबॉडी चिकटणं आणि विषाणूला निकामी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेंग्यूचे चार प्रकार. ज्यानं आजार झाला त्याच्याविरुद्ध संरक्षण दीर्घकाळ टिकतं. इतर तिघांविरुद्ध थोडेच महिने. त्यानंतर अँटीबॉडी विरळ होते. ती दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला चिकटते, पण त्याला रोखण्याइतकी पुरत नाही. मॅक्रोफेज, मोनोसाइट या पेशींवर अँटीबॉडीचं शेपूट पकडणारे एफसी-गॅमा रिसेप्टर असतात. ते शेपूट पकडून पेशी अँटीबॉडीसकट विषाणूला आत ओढते. विषाणूला आयतं दार मिळतं, नेमकं ज्या पेशीत त्याला वाढायचं असतं तिथलं. याला अँटीबॉडीमुळे वाढणारा संसर्ग, एडीई, म्हणतात.

क्युबात हे फार स्वच्छ दिसलं. १९७७ मध्ये तिथं डेंग्यू-१ ची साथ आली, १९८१ मध्ये डेंग्यू-२ ची आणि ती गंभीर ठरली. १९९७ मध्ये सान्तियागो द क्युबात पुन्हा डेंग्यू-२ आला, तेव्हा वीस वर्षांपूर्वी डेंग्यू-१ होऊन गेलेल्यांत गंभीर आजार दिसला. पुढे निकाराग्वातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासात, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, धोक्याची पातळी आकड्यात सापडली: आधीचा टायटर १:२१ ते १:८० असलेल्यांत गंभीर आजाराचा धोका सर्वाधिक. त्याच्या वर संरक्षण. अँटीबॉडी अजिबात नसलेले मधल्यांपेक्षा सुरक्षित. आईकडून मिळालेली अँटीबॉडी ओसरत असते त्या वयातल्या तान्ह्या मुलांना पहिल्याच डेंग्यूत गंभीर आजार होतो, त्याचं कारणही हेच.

डेंग्यूची पहिली परवानाप्राप्त लस याच खड्ड्यात अडकली. २०१७ च्या नोव्हेंबरात कंपनीनंच जाहीर केलं की आधी डेंग्यू न झालेल्यांत लशीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढतो. तेव्हापासून ती लस देण्याआधी आयजीजी तपासणं आलं. म्हणजे आयजीजी चाचणीत खोटा पॉझिटिव्ह ही नुसती कागदावरची चूक राहिली नाही.

काठावरचा_नमुना

नॉर्मल-वेलचे आकडे काढले.

डेंग्यू प्लेट: रुग्ण विषाणू-वेल ०.२८८, नॉर्मल-वेल ०.०९५, निगेटिव्ह कंट्रोल ०.१२०.
झिका प्लेट: रुग्ण विषाणू-वेल ०.३६३, नॉर्मल-वेल ०.२०२, निगेटिव्ह कंट्रोल ०.११०.

दोन्हींचा कॉन्ज्युगेट एकच. आयजीजी किट इनडायरेक्ट आहे.

वॉश_बफर

डेंग्यू: ०.२८८ भागिले ०.०९५ म्हणजे ३.०. वाचन ग्राह्य, पी/एन २.४, खरोखर काठावर.

झिका: ०.३६३ भागिले ०.२०२ म्हणजे १.८. २ च्या खाली. पी/एन ३.३ विसरा, हा निकाल अर्थ लावण्याजोगाच नाही. आणि कॉन्ज्युगेट एकच असून डेंग्यू प्लेटवर पार्श्वभूमी शांत आहे, त्यामुळे रुमॅटॉइड फॅक्टरवर मी लगेच बोट ठेवणार नाही. झिका प्लेटवर त्याच ओळीतल्या शेजारच्या रुग्णांच्या नॉर्मल-वेल बघा. त्याही चढलेल्या असतील तर वॉशर. एकट्या याच्याच चढल्या असतील तर नव्या पातळीकरणानं दोन्ही प्लेट पुन्हा, या वेळी वेगळ्या जागी, कडेला नको.

झिका निगेटिव्ह आहे असं मी म्हणत नाही, एवढं लक्षात असू द्या.

झटपट_कार्ड

इतकं सगळं करण्यापेक्षा एनएस१-आयजीएम-आयजीजी असं एकत्र कार्ड लावलं तर वीस मिनिटांत उत्तर मिळतं की.

प्लाक_मोजणी

मिळतं, पण कोणत्या प्रश्नाचं? समजा आयजीएम कार्डची संवेदनशीलता (आजार असलेल्यांना पकडणं) ९० टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांना सोडणं) ९० टक्के, हिशोबापुरतं. साथ ऐन भरात आहे आणि तापाच्या १००० रुग्णांत ५०० डेंग्यूचे आहेत. खरे पॉझिटिव्ह ४५०, खोटे ५०. पॉझिटिव्ह कार्डवर ९० टक्के भरवसा. आता साथ नाही, १००० तापांत ५० च डेंग्यू. खरे पॉझिटिव्ह ४५, खोटे ९५. तेच कार्ड, तोच हात, आणि भरवसा ३२ टक्के. मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, एप्स्टाइन-बार विषाणू (ईबीव्ही) यांतही डेंग्यू आयजीएमची रेघ उमटू शकते, आणि महिनाभरापूर्वीच्या डेंग्यूचं आयजीएम आजच्या वेगळ्याच तापात सापडू शकतं.

कार्डचा खरा उपयोग पहिल्या तीन-चार दिवसांत, एनएस१ च्या रेघेसाठी. ती पॉझिटिव्ह आली तर डेंग्यू धरून चाला. निगेटिव्ह आली तर डेंग्यू नाही असं म्हणू नका. सांगितलेल्या वेळेनंतर उमटलेली रेघ मोजू नका. कार्ड वाळताना पुसट रेघ येऊ शकते. पाकीट फोडून ठेवलेलं कार्ड दमट हवेत बाद समजा.

मेरुद्रव

याच धाग्यात विचारून घेतो, वेगळा धागा काढत नाही. जपानी मेंदूज्वर किंवा वेस्ट नाइलमध्ये पीसीआर जवळजवळ कायम निगेटिव्ह का येतं?

दिवस_मोजणारा

कारण मेंदूची लक्षणं दिसेपर्यंत रक्तातला विषाणू बहुधा संपलेला असतो. मुळात माणसाच्या रक्तात तो थोडा आणि थोडाच काळ असतो. म्हणून तिथं मुख्य चाचणी मेरुद्रवातलं आयजीएम. आयजीएम पाच घटक जोडून झालेला अवजड रेणू आहे, तो रक्तातून मेंदूच्या बाजूला सहजी ओलांडत नाही. मेरुद्रवात सापडला म्हणजे तो तिथंच तयार झाला, म्हणजे संसर्ग मेंदूत आहे. अट एकच: सुई टोचताना रक्त मिसळलेलं नसावं. लक्षणांच्या पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह आलं तर सातव्या ते दहाव्या दिवशी पुन्हा. आणि वेस्ट नाइलचं सीरम आयजीएम काहींत वर्षभराहून जास्त टिकतं, त्यामुळे नुसत्या सीरमवर आजचा आजार ठरवू नका.

काठावरचा_नमुना

झिका प्लेटवर त्या ओळीतल्या सगळ्याच नॉर्मल-वेल चढलेल्या होत्या. वॉशरची सुई साफ करून नव्या पातळीकरणानं पुन्हा लावलं: झिका पी/एन १.७, नॉर्मल-वेल ०.०९०. डेंग्यू २.६. पीसीआरला पाठवतो. तोपर्यंत अहवालात काय लिहायचं? आणि दुसरा नमुना नेमका कधी?

दिवस_मोजणारा

अहवालात तापाचा दिवस पहिल्या ओळीत. "डेंग्यू आयजीएम काठावर, एनएस१ निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह, दुसऱ्या संसर्गाची शक्यता, डेंग्यू नाकारता येत नाही. झिका आयजीएम या नमुन्यात आढळलं नाही. पीसीआर बाकी." "निगेटिव्ह" हा एकटा शब्द मोठ्या अक्षरात कुठंही नको, वाचणारा तेवढाच वाचतो. झिकाचा पहिला निकाल कोणाला फोनवर सांगितला गेला असेल तर दुरुस्तीही फोनवरच सांगा, नुसता सुधारित कागद पाठवू नका.

पीसीआरला पाठवताना सीरम पुन्हा पुन्हा वितळू देऊ नका. एकदा वितळवा, लहान भाग करा, एक भाग पुढच्या जोडीसाठी गोठवून राखा. नमुना हेपरिनच्या नळीतला असेल तर आधीच कळवा, हेपरिन पीसीआर अडवतं. सीरम किंवा ईडीटीए चालतं. इंटर्नल कंट्रोल (चाचणी नीट चालल्याची खूण) उशिरा आला किंवा आलाच नाही, तर विषाणू "सापडला नाही" असं लिहायचं नाही, आरएनए पुन्हा काढायचा.

दुसरा नमुना पहिल्यानंतर १० ते १४ दिवसांनी. राखलेला पहिला आणि नवा दुसरा, दोन्ही एकाच प्लेटवर, शेजारी-शेजारी, एकाच दिवशी. आजचा टायटर आणि दोन आठवड्यांपूर्वी वेगळ्या लॉटवर काढलेला टायटर यांची तुलना करून चौपट वाढ झाली असं म्हणता येत नाही. आयजीजी टायटर करताना पातळीकरण १:१०० वर थांबवू नका. दुसऱ्या संसर्गात पहिलाच नमुना वाचकयंत्राच्या कमाल मर्यादेला टेकलेला असतो, मग दुसऱ्यात वाढ दिसायला जागाच उरत नाही. दोन्ही नमुने रंग पूर्ण उतरेपर्यंत पातळ करत न्या.

मधल्या काळात रुग्णाला रक्त, प्लाझ्मा किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर दात्याचं आयजीजी त्यात आलंय. फॉर्मवर तो रकाना नसेल तर हातानं लिहा.